दात घासता, पण नेमके कुठे?

आज रात्री दात घासताना आरशासमोर उभे राहा आणि आपला ब्रश कुठे कुठे फिरतो ते नुसतं बघा. बहुतेकांचा ब्रश समोरच्या सात-आठ दातांच्या फुगीर भागावर मागे-पुढे धावतो, दाढांवरून एकदा घाईने जाऊन येतो आणि तोंड फेसाने भरलं की काम उरकलं. गंमत म्हणजे दाताचा तो फुगीर भाग ओठांनी, जिभेने, भाकरीच्या घासाने तसाही बराच साफ होत असतो. घाण साचते ती दात हिरडीत शिरतो त्या रेघेवर, दोन दातांच्या फटीत आणि शेवटच्या दाढेच्या पाठीमागे. ब्रश नेमका तिथेच पोचत नाही.

लालबाग-परळच्या पट्ट्यात माझा दवाखाना आहे. "डॉक्टर, रोज दोन वेळा घासतो, पेस्टही महागातली आणतो, तरी कीड कशी लागली?" हे मला सतत ऐकायला मिळतं. माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याला कधी कुणी दाखवलेलंच नसतं. लहानपणी मोरीच्या कट्ट्यापाशी उभं करून आईने हातात ब्रश दिला, "नीट घास" म्हणाली, संपलं शिक्षण. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते.

घासून काढायचं काय असतं

हिरडीला लागून दातावरून नख हलकेच ओढा. नखावर पांढरट, लिबलिबीत असं काहीतरी येईल. तो प्लाक. अन्नाचे कण त्यात थोडेच असतात. तो मुख्यतः जंतूंचा थर असतो. दात लख्ख घासला तरी काही तासांत तो पुन्हा धरू लागतो. आपण साखर खाल्ली की हे जंतूही ती खातात आणि आम्ल सोडतात. दाताजवळचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (तो जितका खाली तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली घसरला की दाताच्या वरच्या कवचातली, म्हणजे इनॅमलमधली, खनिजं विरघळायला लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू मारते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत भरते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास तरी लागतो.

आता ऑफिसातला दिवस आठवा. साडेदहाला कटिंग, बाराला कुणीतरी आणलेले पेढे, तीनला पुन्हा कटिंग आणि सोबत ग्लुकोज बिस्किट, पाचला आणखी एक. लाळेला सवडच मिळत नाही. साखर एकूण किती पोटात गेली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, हे दातांना जास्त बाधतं. चहा सोडा असं मुंबईत सांगण्यात अर्थ नाही. पण चहा घोट-घोट तासभर पुरवण्यापेक्षा एका दमात पिऊन वर घोटभर साधं पाणी प्यायलेलं बरं.

हा थर एक-दोन दिवस तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसायला लागतं आणि तो कडक होतो. त्याला किटण म्हणतात. किटण एकदा धरलं की ब्रशने निघत नाही, मीठ-लिंबू चोळूनही नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं.

सामान

ब्रश 'सॉफ्ट' घ्या. केमिस्ट न विचारता 'मीडियम' हातात देतो. परत करा आणि सॉफ्ट मागा. 'हार्ड' ब्रशने चपला घासाव्यात. डोकं लहान असलेला ब्रश चांगला, कारण तो शेवटच्या दाढेमागे शिरतो. केस वाकडेतिकडे असोत, दांडा लवचिक असो, त्याने फारसा फरक पडत नाही. बॅटरीवरचा ब्रश हात थरथरणाऱ्यांना, सांधे दुखणाऱ्यांना आणि कंटाळा करणाऱ्यांना उपयोगी पडतो. बाकीच्यांचं काम वीस-तीस रुपयांच्या ब्रशने व्यवस्थित होतं.

पेस्ट घेताना नावाआधी एकच शब्द शोधा: फ्लोराइड. विरघळू लागलेलं इनॅमल सावरायला ते लाळेला मदत करतं, आणि कीड रोखण्यात पेस्टमधल्या इतर कुठल्याही घटकापेक्षा त्याचा पुरावा भक्कम आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपर्यंत, चालतं आणि किती आहे तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. ट्यूब फिरवून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. त्या वापरून तोंड ताजंतवानं वाटतं हे खरं, पण किडीविरुद्धचं मुख्य औषध त्यात नाही हे माहीत असू द्या. कोळशाच्या काळ्या पेस्टपासून लांब राहा; ती खरखरीत असू शकते आणि त्यातून येणारा पांढरेपणा वरवरच्या डागांपुरताच असतो.

ट्यूबच्या तळाशी छापलेल्या रंगीत चौकोनाबद्दलचा मेसेज घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला असेलच: हिरवा म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे निव्वळ रसायन. तसं काहीही नाही. ती ट्यूब कुठे कापायची हे कारखान्यातल्या यंत्राला कळावं म्हणून छापलेली खूण असते. काकांना सांगून बघा, ऐकतील असं नाही.

दातणाबद्दल लोक विचारतात. स्टेशनबाहेर टोपलीत कडुलिंबाच्या, बाभळीच्या काड्या अजून मिळतात, मोहम्मद अली रोडला मिसवाक मिळतो. नीट चावून, कुंचला करून, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वापरलं तर त्यानेही थर निघतो. अडचण अशी, की काडी दाढांच्या आतल्या बाजूला वळत नाही आणि पेस्टचं फ्लोराइड त्यात नसतं. आवडत असेल तर सकाळी दातण करा, रात्री मात्र ब्रश-पेस्ट. राखुंडी, विटकरीची पूड आणि जाडं मीठ यांनी इनॅमल घासलं जातं, आणि ते शरीर पुन्हा तयार करत नाही.

मशेरीचा विषय वेगळा काढावा लागतो. आमच्या भागात गिरणगावातल्या जुन्या घरांतल्या आजीबाई अजूनही ती भाजतात. सुरुवात होते ती "दात दुखतो म्हणून जरा लावली" अशी, आणि मग दिवसातून चार-पाचदा डबी उघडते, कारण मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. तिची सवय लागणारच. केंद्र सरकारने १९९२ साली पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली ती उगीच नाही. घरातली मशेरी त्या बंदीत येत नाही, पण ती तोंडाच्या त्याच कातडीवर बसते. टाटा हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे तोंडाच्या कॅन्सरसाठी रांगेत बसलेल्यांना तंबाखूचं काय विचारायचं! मशेरी लावणाऱ्या बाईला दटावून काही होत नाही. तिचा दुखणारा दात आधी बरा करा, मग सोडायचं बोलणं काढा, असा माझा अनुभव.

हात कसा चालवायचा

इथे सावकाश वाचा आणि शक्य तर ब्रश हातात घेऊन वाचा.

ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट दाखवतात ती ट्यूब लवकर संपावी म्हणून. जास्त पेस्टने जास्त फेस होतो, आणि फेस झाला की आपल्याला वाटतं झालं आता. ब्रश आधी पाण्याखाली भिजवला नाही तरी चालतं.

ब्रश मुठीत आवळू नका, पेनासारखा बोटांत धरा. मुठीत धरला की खांद्यातून जोर येतो आणि हात खरकट्या कढईवर चालावा तसा चालतो. केस हिरडी आणि दात यांच्या रेघेवर तिरके टेकवा, साधारण ४५ अंशात, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीवर येतील असे. वरच्या दातांना केस वरच्या दिशेने, खालच्यांना खालच्या दिशेने. आता ब्रश जागचा न हलवता दहाएक वेळा थरथरवा. हालचाल एवढी लहान, की समोरच्याला ब्रश हलतोय की नाही हे जेमतेम कळावं. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतात आणि थर सुटा होतो. मग मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे लोळवा. दोन दात झाले. पुढच्या दोनांवर सरका.

या पद्धतीचा गाभा चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकात, चाळीसच्या दशकात मांडला. आमच्याकडे विद्यार्थ्यांना आजही हीच शिकवतात. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल, लाळ हनुवटीवरून ओघळेल, शर्टावर डाग पडेल. बनियनवरच सराव करा.

क्रम ठरवून घ्या आणि तो मोडू नका, म्हणजे एखादा कोपरा सुटत नाही. मी नेहमी आतल्या बाजूपासून सुरू करायला सांगते, कारण उत्साह संपतो तेव्हा शेवटी राहिलेला भाग नेहमी तोच असतो. खालच्या डाव्या शेवटच्या दाढेची जिभेकडची बाजू, तिथून पुढे येत उजव्या दाढेपर्यंत. मग वरची आतली बाजू तशीच. मग बाहेरून, गालाकडून, खालची आणि वरची ओळ. शेवटी चावायचा भाग. तिथे मात्र ब्रश मागे-पुढे घासायला हरकत नाही. दाढांच्या खाचांत अडकलेलं त्यानेच निघतं.

दोन जागांकडे खास लक्ष द्या. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा बसत नाही. तिथे तो उभा धरा आणि ब्रशचं टोक हिरडीपासून वर असं एकेका दातावर ओढा. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, त्यामुळे किटण सगळ्यात आधी तिथेच धरतं. जीभ लावून बघा, खरखरीत लागलं तर ते किटणच. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. गालातूनही लाळेची एक नळी बरोबर वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. तिथे घासताना लोक तोंड मोठं 'आ' करतात. त्याने गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटा आणि खालचा जबडा घासायच्या बाजूलाच थोडा सरकवा. गाल सैल पडतो, ब्रश सरळ मागेपर्यंत जातो. अक्कलदाढ असेल तर तिच्या पाठीमागे ब्रशचं टोक वळवून घ्या.

जोर किती? ब्रशचे केस टेकतील, पण चपटे होऊन पसरणार नाहीत इतका. ब्रश दोन महिन्यांतच बाहेरच्या बाजूंना वाकत असेल तर तुमचा हात जड आहे. आडवं आणि जोरात घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत खाच पडते. नखाने चाचपली तर कळते. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ ती जास्त सापडते, कारण हात तिथे सरळ आणि नेटाने पोचतो. अशा खाचेत थंड पाणी गेलं की कळ डोक्यात जाते. मग माणूस 'सेन्सिटिव्ह'ची पेस्ट आणतो आणि पुन्हा तसाच घासतो.

वेळ दोन मिनिटं. ऐकायला थोडी वाटते, पण मोबाइलवर टायमर लावून घासून बघा, संपता संपत नाही. तेवढा वेळ नळ बंद ठेवा. चाळीत सकाळी पाणी जायच्या घाईत मोरी अडवून उभं राहायचीही गरज नाही. ब्रश करायला पाणी लागत नाही, लागते ती थुंकायला जागा. गॅलरीत, खुर्चीवर, बातम्या बघताना, कुठेही घासता येतं.

चूळ, आणि ते ओकणं

हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात: घासून झाल्यावर फेस थुंका आणि सोडून द्या. खळखळून चुळा भरू नका. चुळा भरल्या की दातावर थांबायला हवं ते फ्लोराइड मोरीत वाहून जातं. तोंड बुळबुळीत वाटत असेल तर अर्धा घोट पाणी फिरवून टाका, पण तांब्याभर नको. पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास, काही खाऊ-पिऊ नका. माउथवॉश वापरत असाल तर तोही ब्रशनंतर लगेच नको, दुपारी जेवणानंतर वगैरे घ्या.

आणि सकाळी गॅलरीभर ऐकू जाणारं ते 'ओऽऽक'. घशात दोन बोटं घालून जीभ घासणं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत उबळ काढणं, ही मुंबईतल्या निम्म्या घरांत पहाटेची घंटा आहे. त्यातून पित्त 'साफ' होत नाही. उलट पोटातलं आम्ल वर येऊन दातांच्या आतल्या बाजूला लागतं. जीभ साफ करायची तर तांब्याची किंवा स्टीलची पट्टी घ्या. जितक्या मागे सहज जाते तिथे टेकवून पुढे ओढा, तीन-चार वेळा. उबळ येईल त्याच्या अलीकडेच थांबा. तोंडाच्या दुर्गंधीचं बरंचसं मूळ जिभेच्या मागच्या भागावर असतं, त्यामुळे ही पट्टी वापराच.

सकाळ की रात्र

दोन्ही. पण एखादीच वेळ जमणार असेल तर रात्रीची धरा, आणि इथे मी हट्टी आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसभर आम्ल मारणारी पहारेकरीणच रजेवर जाते. रात्री साडेदहाला जेवून, वर आइस्क्रीम किंवा बडीशेपेच्या रंगीत साखरगोळ्या खाऊन तसंच झोपलं, की जंतूंना सात तास मोकळं रान मिळतं. आपल्याकडे मात्र उलटी रीत: सकाळी ट्रेन पकडायची म्हणून घाईघाईत का होईना ब्रश होतोच, कारण चारचौघांत तोंडाला वास नको, रात्री कोण बघतंय! सेकंड शिफ्टवाल्यांनी घड्याळ सोडून द्यावं. झोपण्याआधीचं शेवटचं घासणं महत्त्वाचं, मग ते पहाटे तीनला असो.

सकाळी चहाआधी घासायचं की नंतर, यावर घराघरांत वाद आहेत. मी आधी म्हणते: रात्रीचा थर निघतो, फ्लोराइड बसतं, मग चहा. नाश्त्यानंतरच घासायचं असेल तर थोडं थांबा. लिंबू सरबत, सोलकढी, थंड पेयं, चिंच किंवा उलटी यानंतर अर्धा-एक तास ब्रश लावू नका. आंबटाने इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ झालेला असतो. त्यावर ब्रश फिरवला की तो निघून जातो. तोवर साध्या पाण्याने चूळ भरा.

फटी

दोन दातांच्या मधली बाजू ब्रशला दिसतच नाही. त्यासाठी फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा. दीड फुटाचा तुकडा घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मधे इंचभर मोकळा ठेवा. फटीत करवतीसारखा पुढे-मागे करत हळूच उतरवा, धसकन ओढू नका, हिरडी कापते. आत गेला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून खाली-वर चार वेळा, मग शेजारच्या दाताला. रात्री, ब्रशच्या आधी. फटी रुंद असतील, हिरडी खाली सरकली असेल किंवा दातांना तारा लावल्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीतला छोटा ब्रश चांगला. केमिस्टकडे वेगवेगळ्या जाडीचा मिळतो.

मटणाचा धागा अडकला की बांगडीतली किंवा मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढायची सवय आहे, ती मोडा. काडेपेटीची काडीसुद्धा नको. आणि एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर तिथे कीड लागली आहे किंवा जुनं सिमेंट निसटलं आहे असं समजून दाखवायला या.

रक्त आलं तर

ब्रशला रक्त लागलं की लोक तेवढा भाग घासायचं सोडतात. करायचं बरोबर उलट. रक्त येतं ते बहुधा थर साचून हिरडी सुजली आहे म्हणून. तिथेच, सॉफ्ट ब्रशने, हलक्या हाताने, न चुकता घासा. एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवं. थांबलं नाही तर किटण धरलंय, ते काढून घ्या. "सफाई केली की दात हलायला लागतात" हे मी लग्नाच्या पंगतीतही ऐकते. हलणाऱ्या दातांना किटणानेच टेकू दिलेला असतो, पण त्याच किटणाने हाडही खाल्लेलं असतं. मधुमेह असलेल्यांनी हिरडीकडे जास्त लक्ष द्यावं, कारण साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. गरोदरपणी हिरड्या सुजून रक्त येणं नेहमीचं आहे. त्या काळात ब्रश थांबवू नये.

पोरांचे दात

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासायचं काम मोठ्यांनी करायचं. बुटाची नाडी स्वतः बांधता येत नसेल त्या वयात दाढा नीट घासता येत नाहीत. मुलाच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवा, एका हाताने ओठ उचला.

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. आई-बाबांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे ना" म्हणून सोडून देतात आणि आठव्या वर्षी ती पोखरलेली सापडते. ती कायमची दाढ आहे, पुन्हा येणार नाही. सहावं लागलं की टॉर्च घेऊन मागे बघा. दुधाच्या दातांनाही कीड लागली तर दाखवावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तेवढं बंद करा.

घासून न जाणारे डाग

नोकरीसाठी चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडून मुंबईत आलेली मुलं दवाखान्यात येतात ती तपकिरी, ठिपकेदार दात घेऊन. कुणी मीठ लावून, कुणी सोडा लावून घासलेलं असतं. तो मळ नव्हे. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार असतं, आणि लहानपणी इनॅमल घडत असताना ते पाणी पोटात गेलं की डाग दातातच राहतात. कितीही घासा, जात नाहीत. दवाखान्यात उपाय होतात. मुंबईचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं. त्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं, त्यामुळे इथे पेस्टमधलं फ्लोराइड गरजेचं. एकच पदार्थ पोटात जास्त गेला तर बाधतो आणि दातावर थोडा लावला तर राखतो, इतकंच.

ब्रश ठेवायचा कसा, दाखवायचं कुठे

वापरून झाला की ब्रश झटकून, केस वर करून उभा ठेवा. प्लॅस्टिकची टोपी घालू नका. पावसाळ्यात इथल्या हवेत आधीच काही वाळत नाही, त्यात बंद टोपीत ब्रश दिवसभर ओलाच राहतो. पीजीत सहा जणांचे ब्रश एकाच पेल्यात डोकी टेकवून ठेवलेले असतात, ते वेगळे करा. तीन महिन्यांनी, किंवा त्याआधी केस वाकले की, बदला. कवळी असेल तर रात्री काढा, साबणाने धुवा, साध्या पाण्यात ठेवा. पेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि गरम पाण्याने ती वाकडी होते.

वर्षातून एकदा दात तपासून घ्या. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा उभी तीन बोटंही आत जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड असेल, तर तारीख बघत बसू नका, लगेच दाखवा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर नक्कीच. खासगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय. दोन्हीकडे विद्यार्थी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा, बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका, डॉक्टरांना आधी सांगा.